एजंटसाठी सर्च टूलचं वर्णन: काय सापडत नाही, ते आधी लिहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगड तालुक्यातला आंबा-काजूचा व्यवसाय. बागांमधून येणारा माल, वाशीच्या घाऊक बाजारात जाणाऱ्या गाड्या, दलालाकडून येणाऱ्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या), गिऱ्हाइकांच्या थेट ऑर्डरी, शेवटी कॅनिंगला जाणारा आंबा, या सगळ्याची नोंद पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आणि त्यावर मेटाबेस, म्हणजे नोंदींचे तक्ते-अहवाल दाखवणारं सॉफ्टवेअर, बसवलेलं. आता त्याला एमसीपीमधून (एआयला बाहेरची साधनं जोडायची ठरलेली पद्धत) एआय एजंट, म्हणजे ही साधनं स्वतः वापरून उत्तर देणारा एआय, जोडलाय. एजंटकडे दोन टूल्स आहेत: एक शोधायचं, दुसरं क्वेश्चन, म्हणजे मेटाबेसमध्ये साठवून ठेवलेला प्रश्न, चालवायचं. शोधायच्या टूलचं वर्णन एका ओळीचं, "मेटाबेसमध्ये शोधा". तक्रारी दोन. "गेल्या हंगामात वाशीला किती पेट्या गेल्या?" असं विचारलं की दर वेळी वेगळा आकडा येतो. आणि दलालाच्या कमिशनबद्दल "दलालाची आडत किती गेली?" असं विचारलं की एजंट बिनदिक्कत सांगतो, "आडतीची नोंद उपलब्ध नाही." नोंद तर आहे. मग वर्णनात लिहायचं काय, किती, आणि मराठीत की इंग्रजीत?

पहिली तक्रार डोळ्यांत भरते, पण जास्त घातक दुसरी आहे. चुकीचा आकडा आला तर हिशेब सांभाळणाऱ्याच्या तो लक्षात येतो, कारण त्याला अंदाज असतो. "नोंद नाही" हे उत्तर मात्र कुणी तपासत नाही. मालक मान डोलावतो आणि विषय मिटतो. म्हणून माझा सल्ला असा, की सर्च टूलचं वर्णन लिहायला बसलात की आधी त्या टूलला काय सापडत नाही ते लिहा. काय सापडतं हे एजंट दोन-चार वेळा वापरून हुडकतो. काय सापडत नाही हे त्याला आपलं आपण कधीच कळणार नाही, कारण टूलला न सापडणारं आणि मुळात नसलेलं, त्याच्या दृष्टीने या दोन्हींचा निकाल सारखाच, शून्य.

पॅकिंग शेडमध्ये नवा आलेला पोरगा "ह्यो माल खंयचो?" असं दिवसातून दहादा विचारतो आणि त्यातूनच तयार होतो. एजंट विचारत नाही. त्याला जे लिहून दिलं तेवढंच त्याचं जग.

आणि लिहून दिलेलं म्हणजे नेमकं काय, इथेच बऱ्याच जणांची गफलत होते. एमसीपी हा अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेला प्रोटोकॉल. त्यात क्लायंट (एजंट चालवणारा प्रोग्राम) सर्व्हरकडे (टूल्स पुरवणाऱ्या प्रोग्रामकडे) टूल्सची यादी मागतो तेव्हा प्रत्येक टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा जेसन स्कीमा, म्हणजे इनपुट कसं द्यायचं याचा साचा, जातो. भाषा-मॉडेलसमोर, म्हणजे एजंटच्या मेंदूसमोर, टूलबद्दल येतं ते मुख्यतः हेच. तुम्ही वर्डमध्ये केलेलं वीस पानांचं मॅन्युअल, व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेल्या सूचना, कोडमधल्या कॉमेंट्स, यातलं काहीही त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे टूलच्या डॉक्युमेंटेशनला मुख्य जागा तीन: टूलचं वर्णन, प्रत्येक पॅरामीटरचं (टूलला द्यायच्या माहितीच्या रकान्याचं) वर्णन आणि टूल जे उत्तर परत पाठवतं त्यातला मजकूर. तिसरी जागा लोक साफ विसरतात. माझ्या मते सगळ्यात कामाची तीच, तिच्याकडे येतोच.

आधी वर्णन. तुमचं टूल मेटाबेसच्या सर्च एपीआयला, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामसाठी ठेवलेल्या शोधाच्या दाराला, हाक मारतं. तो एपीआय क्वेश्चन, डॅशबोर्ड, मॉडेल (मेटाबेसमधलं, म्हणजे टेबलासारखा वापरायला तयार केलेला क्वेश्चन; भाषा-मॉडेल नव्हे), मेट्रिक (ठरवून ठेवलेलं मोजमाप), कलेक्शन (फोल्डर), टेबल अशा वस्तू शोधतो, तेही त्यांच्या नाव-वर्णनावरून. टेबलातल्या ओळींत तो शिरत नाही. क्वेश्चनमागच्या एसक्यूएलच्या (डेटाबेसला विचारायच्या भाषेच्या) मजकुरातही, त्यासाठीचा वेगळा पॅरामीटर दिल्याशिवाय, शोधत नाही. मॉडेलमधल्या नोंदी शोधात आणायची सोय मेटाबेसमध्ये आहे, पण ती प्रत्येक मॉडेलसाठी वेगळी, आपण सुरू करावी लागते आणि तुम्ही केली असल्याचं प्रश्नावरून दिसत नाही. आता आडत. ती 'वाशी पट्टी' टेबलातला एक कॉलम. तिच्या नावाचा क्वेश्चन नाही, डॅशबोर्ड नाही. एजंटने "आडत" टाकलं, शून्य आलं, आणि त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की नोंद नाही. त्याचं काहीच चुकलं नाही. हे टूल आकड्यांत शोधत नाही, आकडे ठेवलेल्या वस्तूंची फक्त नावं-वर्णनं शोधतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी असं लिहीन: "मेटाबेसमधल्या क्वेश्चन, डॅशबोर्ड, मॉडेल, मेट्रिक आणि टेबल यांची नावं व वर्णनं शोधतं. टेबलातल्या ओळी आणि कॉलमची नावं शोधत नाही. दलालाचं नाव, गिऱ्हाइकाचं नाव, गाडी नंबर, पट्टी नंबर इथे सापडणार नाहीत. त्यासाठी आधी टेबल किंवा मॉडेल शोधा, मग टेबल-तपशील टूलने कॉलम पाहा. शोध शब्दांवर चालतो, अर्थावर नाही. एक किंवा दोन शब्द द्या, वाक्य देऊ नका. शून्य निकाल म्हणजे माहिती अस्तित्वात नाही असं नव्हे. दुसरा शब्द वापरा, मग टेबलांची यादी पाहा, तरीही न सापडल्यास 'शोधलं, सापडलं नाही' असं सांगा, 'नाही' असं सांगू नका."

एवढंच. यातलं प्रत्येक वाक्य कोणत्या ना कोणत्या चुकलेल्या उत्तरामुळे आलेलं आहे. "वाक्य देऊ नका" हे विशेषतः. कारण एजंटला मोकळं सोडलं तर तो "मागील हंगामात वाशी बाजारात पाठवलेल्या आंबा पेट्यांची एकूण संख्या" असं अख्खं वाक्य सर्चमध्ये ओततो. अर्थावर चालणाऱ्या सर्चला, म्हणजे मजकुराचे व्हेक्टर करून (अर्थ आकड्यांत मांडून) जवळचं शोधणाऱ्या सर्चला, ते चालून जातं. शब्द जुळवणाऱ्या सर्चपुढे त्याचा पाचोळा होतो. तुमच्या आवृत्तीत कोणता शोध चालू आहे ते स्वतः टाकून पाहा आणि जे दिसेल तेच लिहा. "सुधारित बुद्धिमान शोध" वगैरे जाहिरातीची भाषा वर्णनात घातलीत तर एजंट तिच्यावर विश्वास ठेवतो, एवढं लक्षात असू द्या.

टेबल-तपशील टूल तुमच्याकडे आज नाही. ते करा. शोधायचं आणि चालवायचं या दोन्हींच्या मध्ये "उघडून बघायचं" एक टूल हवंच, नाहीतर एजंट नाव वाचून अंदाज बांधतो आणि थेट चालवतो. डॉक्युमेंटेशन कितीही चांगलं केलं तरी नसलेल्या टूलची उणीव त्याने भरून निघत नाही.

आता पॅरामीटर. मेटाबेसमध्ये एक जुना घोळ आहे: पडद्यावर ज्याला क्वेश्चन म्हणतात त्याला एपीआयमध्ये 'कार्ड' म्हणतात, आणि पडद्यावरच्या मॉडेलला सर्च एपीआयमध्ये 'डेटासेट'. माणसाचं यात फारसं अडत नाही. भाषा-मॉडेलचं अडतं, कारण त्याने सुपरसेट या मेटाबेससारख्याच साधनाचंही डॉक्युमेंटेशन वाचलेलं असतं आणि तिथे डेटासेट म्हणजे ज्याच्यावर चार्ट उभे राहतात ती पायाची गोष्ट. मग "डेटासेट शोध" म्हटलं की त्याला टेबल हवंय की मॉडेल, यात तो चाचपडतो. यावर वर्णनात खुलासा लिहित बसू नका. तुमच्या टूलमध्ये पॅरामीटरच्या ठरलेल्या किमती क्वेश्चन, मॉडेल, डॅशबोर्ड, टेबल अशा पडद्यावरच्याच ठेवा आणि कार्ड-डेटासेटचं भाषांतर कोडमध्ये आत करा. स्कीमात ठरलेल्या किमतींची यादी दिली की भाषा-मॉडेल सहसा तिच्याबाहेर जात नाही. मोकळा मजकूर ठेवलात तर 'रिपोर्ट', 'चार्ट', 'तक्ता' काहीही येईल. जिथे कोडने भागतं तिथे शब्द खर्च करू नयेत.

लिमिटच्या पॅरामीटरबद्दल एकच गोष्ट: निकाल दहा दाखवत असाल तर उत्तरात "एकूण ३७ पैकी पहिले १०" असं छापा. नुसते दहा दिले की एजंट समजतो जगात दहाच आहेत.

पेट्यांचा आकडा दर वेळी वेगळा का येतो, याची कारणं मला दोन दिसतात आणि दोन्ही तुमच्या व्यवसायातच आहेत.

पहिलं, वर्ष. हापूसची पहिली पेटी वाशीला जाते फेब्रुवारीच्या आसपास, कधी त्याच्याही आधी, आणि मुख्य माल मार्च ते मे. हिशेबाचं वर्ष मात्र ३१ मार्चला संपतं, म्हणजे हंगामाच्या बरोबर कमरेत. तुमच्या अकाउंटंटने केलेल्या '२०२४-२५ पेट्या' या क्वेश्चनमध्ये एप्रिल-मे २०२४ चा माल आहे आणि फेब्रुवारी-मार्च २०२५ चाही. दोन वेगळ्या हंगामांचे, दोन वेगळ्या मोहोरांचे आंबे एका आकड्यात. बागेतल्या माणसासाठी हा आकडा निरर्थक, आयकर भरणाऱ्यासाठी अगदी बरोबर. दुसरीकडे 'हंगाम २०२५ वाशी' नावाचा क्वेश्चन जानेवारी ते जून मोजतो. एजंटने "पेट्या" शोधलं की दोन्ही निकाल येतात. कधी तो पहिला उचलतो, कधी दुसरा, आणि दोन्ही वेळा तितक्याच ठामपणे उत्तर देतो.

दुसरं, माप. वाशीला जाणारी लाकडी पेटी फळाच्या आकारानुसार चार डझनांची, पाचची, सहाची, त्याहूनही मोठी. थेट गिऱ्हाइकाला जाते ती डझन-दोन डझनांची पुठ्ठ्याची. कॅनिंगचा माल किलोवर. एका टेबलात 'नग' कॉलम म्हणजे पेट्या, दुसऱ्यात 'नग' म्हणजे डझन. हे ज्याने टेबल बनवलं त्याच्या डोक्यात आहे, बाकी कुठेच नाही.

हे सगळं सर्च टूलच्या वर्णनात कोंबायचा मोह होईल. कोंबू नका. टूलचं वर्णन प्रत्येक संभाषणात, प्रत्येक वेळी मॉडेलसमोर असतं. कुणी काजूगराचा भाव विचारला तरी एजंट आधी आंब्याच्या पेट्यांचं पुराण वाचणार. शिवाय लांबलचक वर्णनातलं महत्त्वाचं वाक्य गर्दीत हरवतं. या गोष्टींची जागा मेटाबेसमध्येच आहे: त्या त्या क्वेश्चनच्या आणि टेबलच्या वर्णनाच्या रकान्यात. '२०२४-२५ पेट्या' याचं वर्णन लिहा: "आर्थिक वर्षानुसार, १ एप्रिल ते ३१ मार्च. हंगामाच्या तुलनेसाठी वापरू नये. त्यासाठी 'हंगाम २०२५ वाशी' पाहा. नग म्हणजे लाकडी पेट्या." टेबलच्या वर्णनात "दलालाच्या पट्ट्या: आडत, हमाली, तोलाई, गाडीभाडं, निव्वळ रक्कम" एवढी ओळ टाका. सर्च वर्णनातही शोधतो, त्यामुळे आता "आडत" टाकलं की टेबल सापडेल. एजंटचा प्रश्न सुटला आणि उद्या नवा माणूस कामावर आला तर त्याचाही.

हे काम कंटाळवाणं आहे, मान्य. एजंट जोडून देणाऱ्याला त्यात रस नसतो आणि हिशेब ठेवणाऱ्याला वेळ नसतो. तरी ते हिशेब ठेवणाऱ्याकडूनच करून घ्या, पावसाळ्यात, शेडमध्ये माल नसताना. प्रोग्रामरने लिहिलेली वर्णनं मी बरीच पाहिली आहेत. 'वाशी पट्टी' या टेबलाचं वर्णन "वाशी पट्टीचा डेटा" असं असतं.

टूलच्या वर्णनात या सगळ्यातलं एकच वाक्य जाईल: "'हंगाम' म्हणजे जानेवारी ते जून, 'वर्ष' म्हणजे एप्रिल ते मार्च. विचारणाऱ्याने स्पष्ट केलं नसेल तर कोणतं धरलं ते उत्तरात सांगा." हे वाक्य सगळ्या प्रश्नांना लागू पडतं, म्हणून ते तिथे. बाकी सगळं ज्याचं त्याच्याकडे.

शब्द जुळवणारा सर्च आणि मराठी यांचं एक स्वतंत्र दुखणं आहे, त्यावर थोडं थांबतो. आपल्याकडे शब्दाला प्रत्यय लागला की शब्दच बदलतो. "पेटी"चं "पेट्या", "पेट्यांची". शोध तुकड्यावर चालत असेल तर "पेट" एवढंच टाकलं की दोन्ही सापडतात, कारण दोन्हींची सुरुवात तीच. पण "हापूस" आणि "हापुसाची" यांत दीर्घ-ऱ्हस्व बदलतो, त्यामुळे "हापूस" टाकून "हापुसाची विक्री" सापडत नाही. त्यावर कडी म्हणजे रोमन लिपी. देवगड कुणी व्ही घालून लिहितो, कुणी ई-ओ लिहून. बागेत हापूस, निर्यातीच्या कागदावर अल्फान्सो. एकाच डेटाबेसमध्ये हे चारही प्रकार असतात.

याच्याही पुढचं एक आहे, ते डोळ्यांना दिसत नाही. "गाडीच्या फेऱ्या" यातला "ऱ्या" कीबोर्डनुसार तीन तऱ्हांनी साठवला जातो. एकात ऱ हे एकच अक्षर असतं. दुसऱ्यात र आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं. तिसऱ्यात र, हलन्त, मग न दिसणारा झिरो-विड्थ जॉइनर आणि य. पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारखे. पहिले दोन युनिकोडच्या (संगणकात अक्षरं साठवायच्या मानकाच्या) नियमानुसार समतुल्य आहेत, त्यामुळे एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे समतुल्य रूपं एका रूपात आणायची ठरलेली क्रिया, केलं की एक होतात. तिसरा होत नाही, तो तुम्हाला हाताने बदलून घ्यावा लागतो. क्वेश्चनचं नाव एका लॅपटॉपवर टाइप केलेलं, एजंट लिहितो दुसऱ्या तऱ्हेने, आणि निकाल शून्य. तुम्ही वर्णन कितीही वेळा सुधारा, उपयोग नाही. शोधायला येणारा मजकूर आणि मेटाबेसमधली नावं दोन्ही एका रूपात आणायची, हे काम कोडचं. वर्णनात फक्त एवढं लिहा: "देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींत नावं आहेत, एका लिपीत न सापडल्यास दुसऱ्या लिपीत शोधा. प्रत्यय न लावता मूळ शब्द द्या." एजंट हे चांगलं पाळतो. मूळ शब्द कोणता हे त्याला बरोबर कळतं, फक्त तसं सांगावं लागतं.

आता तिसरी जागा, टूलचं उत्तर. शून्य निकाल आला की बहुतेक सर्व्हर रिकामी यादी परत करतात. एजंटला सगळ्यात जास्त मदत हवी असते ती याच क्षणी आणि आपण त्याच्या हातात रिकामं ताट देतो. त्याऐवजी असं काही पाठवा: "'आडत' हा शब्द नाव-वर्णनात सापडला नाही. कॉलम व ओळी शोधलेल्या नाहीत. तुमच्या परवानगीतल्याच वस्तू शोधल्या आहेत. पुढे: टेबलांची यादी पाहा." हा मजकूर गरज पडेल तेव्हाच जातो, त्यामुळे इथे दोन शब्द जास्त झाले तरी हरकत नाही. टूलच्या वर्णनात जे ठेवायला महाग पडतं ते इथे फुकट बसतं.

परवानगीचा उल्लेख मुद्दाम केला. मेटाबेसमधली एपीआय की, म्हणजे एजंट आत शिरतो ती किल्ली, एखाद्या ग्रुपला बांधलेली असते आणि सर्चमध्ये त्या ग्रुपला दिसेल तेवढंच येतं. पगाराचं कलेक्शन एजंटच्या ग्रुपला बंद ठेवलंत, ते बरोबरच केलंत. पण मग "शेडमधल्या मजुरीचा खर्च" विचारल्यावर शून्य येणार आणि एजंट म्हणणार खर्च नाही. "परवानगीतल्याच वस्तू" हे तीन सेकंदांत लिहिलेले शब्द तो घोटाळा टाळतात. कुणी ॲडमिनचीच की एजंटला देऊन टाकतात, म्हणजे कटकट नको. तसं करू नका. लोकांच्या खासगी कलेक्शनमधली अर्धवट कामं, 'टेस्ट', 'जुनं', 'नवीन नवीन' असल्या नावांची, सगळी निकालात येतील आणि एजंट त्यातलंच एखादं आत्मविश्वासाने उचलेल.

शून्य आणि बिघाड हे वेगळे दाखवा, हे वेगळं सांगायला नको असं वाटतं, पण सांगावं लागतं. पावसात वीज जाते, ऑफिसातला सर्व्हर बंद पडतो, नेटवर्क येतं-जातं. अशा वेळी तुमचा कोड एरर गिळून रिकामी यादी देत असेल, तर जुलै महिन्यात एजंट सांगेल की तुमच्याकडे कसलीच माहिती नाही. एमसीपीमध्ये टूलच्या उत्तरातच "ही एरर आहे" असं कळवणारा ध्वज असतो, तो वापरा, आणि मजकूर माणसासारखा लिहा: "मेटाबेस उत्तर देत नाही. शोध झालेला नाही. पुन्हा एकदाच प्रयत्न करा, नंतर वापरणाऱ्याला कळवा." "एकदाच" हा शब्द ठेवा, नाहीतर तो बंद सर्व्हरचं दार ठोठावत बसतो.

निकाल आले तर प्रत्येकासोबत काय द्यायचं? नाव, प्रकार, आयडी, कोणत्या कलेक्शनमध्ये आहे तो मार्ग, आणि वर्णन. तयार करणाऱ्याचा ईमेल, रंग, मांडणी, असला एपीआयकडून येणारा सगळा लवाजमा गाळून टाका. बदलाची तारीख द्यायची असेल तर जपून. "शेवटचा बदल: मार्च २०२३" असं पाहिलं की एजंट तो क्वेश्चन जुना समजून टाळतो. प्रत्यक्षात क्वेश्चन २०२३ मध्ये लिहिलेला असला तरी चालवला की आजचे आकडे देतो. उलट काल सुधारलेला क्वेश्चन मागच्या वर्षाच्या टेबलावर असू शकतो. म्हणून त्या रकान्याचं नावच "व्याख्या शेवटची बदलली" असं ठेवा आणि आकडे कधीपर्यंतचे आहेत ते कळत असेल तर वेगळ्या रकान्यात द्या.

एकाच विषयाचे पाच क्वेश्चन असतील तर त्यावर डॉक्युमेंटेशन हा उपाय नाही. चार कचऱ्यात टाका. मेटाबेसमध्ये 'व्हेरिफाइड' शिक्का आणि अधिकृत कलेक्शनची सोय आहे, पण ती पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीत. फुकटच्या आवृत्तीत 'पक्के' नावाचं साधं कलेक्शन करा, तपासलेले क्वेश्चन त्यात हलवा आणि टूलच्या वर्णनात लिहा: "'पक्के' कलेक्शनमधल्या निकालाला प्राधान्य द्या, दुसरा वापरल्यास तसं सांगा." साधा तोडगा आहे, पण मला तरी त्याहून चांगला सापडलेला नाही.

एक सावधगिरी. क्वेश्चनच्या वर्णनात कुणीही काहीही लिहू शकतो, आणि ते सर्चच्या निकालातून थेट एजंटसमोर जातं. बाहेरच्या माणसाला मेटाबेसमध्ये लिहायची मुभा असेल तर तो त्यात एजंटसाठी सूचना पेरू शकतो. म्हणून डेटाबेसचा युजर फक्त वाचण्यापुरता ठेवा. एमसीपीच्या टूलवर 'फक्त वाचन' अशी खूण करता येते, ती जरूर करा, पण ती निव्वळ सूचना आहे. कुलूप डेटाबेसवरच लागतं.

लिहिलेलं चालतंय का, हे पाहायचं कसं? लोकांनी खरोखर विचारलेले प्रश्न जमवा, त्यांच्याच शब्दांत. "वाशीची पट्टी इली काय?", "साका किती निघाला?", "पाच डझनी संपली?" असे. तुम्ही स्वतः रचलेले प्रश्न नकोत, कारण तुम्हाला क्वेश्चनची नावं पाठ आहेत आणि नकळत तेच शब्द तुमच्या प्रश्नात येतात. मग एजंटचं अंतिम उत्तर बाजूला ठेवा आणि लॉगमध्ये बघा: त्याने सर्चमध्ये काय टाइप केलं, काय आलं, त्यातून काय उचललं. "साका" (फळात आतून होणारी खराबी) टाकून शून्य आलं असेल तर दोष कुठे आहे ते तिथेच दिसतं, बहुधा टेबलात तो रकाना 'नाकारलेला माल' या नावाने बसलेला असतो. एका वेळी एकच वाक्य बदला आणि तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारा, एकदा बरोबर आलं म्हणून हुरळून जाऊ नका. ही मॉडेल्स त्याच प्रश्नाला वेगवेगळ्या वाटेने जातात. आणि वर्णन बदलल्यावर क्लायंट पुन्हा जोडून घ्या. टूल्सची यादी बदलली हे कळवायची सोय प्रोटोकॉलमध्ये आहे, पण ती सगळीकडे वापरलेली नसते, आणि जुनंच वर्णन वाचणाऱ्या एजंटवर नवं वाक्य तपासण्यात दुपार जाते.

राहिला भाषेचा प्रश्न. आजची मोठी मॉडेल्स मराठी वर्णन नीट समजतात. देवनागरीला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन (मॉडेल मजकुराचे करतं ते तुकडे) लागतात हे खरं, पण तुमचं वर्णन शे-दीडशे शब्दांचंच होईल, त्यात फार काही बुडत नाही. माझा निकष वेगळा आहे: जो माणूस हे वर्णन पुढे सांभाळणार, त्याला जी भाषा वाचून चूक पकडता येते ती वापरा. तुमच्याकडे तो माणूस अकाउंटंट असेल तर मराठीच. टूलची आणि पॅरामीटरची नावं रोमनमध्ये राहू द्या, कोडला ती तशीच लागतात. आडत, पट्टी, साका, कॅनिंग, पेटी हे शब्द मात्र कोणत्याही भाषेतल्या वर्णनात डेटाबेसमध्ये जसे आहेत तसेच, त्याच लिपीत लिहा. 'कमिशन' असं भाषांतर करून ठेवलंत की एजंट 'कमिशन' शोधायला जातो, आणि तुमच्या मेटाबेसमध्ये त्या नावाचं काहीच नाही.